पायथनमधून डेटाबेसचे टेबल तयार करणे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

प्रोग्रॅममधून टेबल तयार करण्याचा आदेश एका वाक्याचा असतो आणि तो चालायला क्षणभरही लागत नाही. वेळ जातो तो त्या वाक्यात काय लिहायचे हे ठरवण्यात. आणि ते नीट ठरवले नाही, तर पुढे कितीतरी अधिक वेळ चुकीच्या नोंदी निस्तरण्यात जातो. त्यामुळे या लेखाचा भर एकाच आग्रहावर आहे: माहितीविषयीचे नियम टेबलच्या व्याख्येतच लिहावेत, ते प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नयेत. प्रोग्रॅम बदलत राहतो, उद्या त्याच डेटाबेसला दुसरा प्रोग्रॅम जोडला जातो, कधी कोणी थेट हाताने नोंदी भरतो; टेबल मात्र या सर्वांसाठी एकच असते.

व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन वापरता येते, पण डेटाबेसशी अद्याप संबंध आलेला नाही, अशा वाचकाला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. भाषा पायथन आणि डेटाबेस एसक्यूलाइट घेतला आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेल्या या डेटाबेसला वेगळा सर्व्हर लागत नाही, संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, आणि तो हाताळणारे मॉड्यूल पायथनच्या २.५ या आवृत्तीपासून पायथनबरोबरच मिळते. म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता सुरुवात करता येते. खालचे आदेश वाचायला सोपे जावेत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना पायथनचे आणि एसक्यूएलचे (डेटाबेसला आदेश देण्याच्या भाषेचे) शब्द, तसेच अंक, अर्थातच इंग्रजी लिपीत लिहावेत.

आधी कागद, मग कोड

उदाहरण म्हणून पर्जन्यमापनाच्या नोंदी घेऊ. अनेक केंद्रे आहेत, प्रत्येक केंद्रावर रोज एकदा पाऊस मोजला जातो, आणि ते आकडे साठवायचे आहेत. पहिला मोह एकच मोठे टेबल करण्याचा होतो: केंद्राचे नाव, केंद्राची उंची, दिनांक, पाऊस. हे टेबल पहिले काही दिवस चांगले चालते. पण केंद्राचे नाव आणि उंची रोजच्या प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावी लागते, कोणीतरी नावात एक जागा जास्त सोडतो आणि डेटाबेसच्या दृष्टीने एक नवेच केंद्र जन्माला येते. उंचीची दुरुस्ती करायची तर हजारो ओळी बदलाव्या लागतात आणि त्यातल्या काही राहून जातात.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमधून (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत मांडण्याच्या कल्पनेतून) आलेली रीत अशी की एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा फक्त संदर्भ द्यावा. त्यानुसार येथे दोन टेबले होतात. ‘केंद्र’ या टेबलात प्रत्येक केंद्राची एकच ओळ असते, आणि ‘नोंद’ या टेबलात रोजची मोजमापे असतात, ज्यांत केंद्राचे नाव नसून केवळ त्याचा क्रमांक असतो.

कोड लिहिण्यापूर्वी प्रत्येक कॉलमविषयी काही प्रश्न कागदावर सोडवून घ्यावेत: यात कोणत्या प्रकारची किंमत येईल, ती रिकामी राहू शकते का, ती दोनदा येऊ शकते का, आणि कोणती किंमत उघडपणे अशक्य आहे. पावसाच्या बाबतीत यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पाऊस पडला नाही म्हणजे शून्य. मोजमापच झाले नाही म्हणजे नल, अर्थात किंमत नाही. ही दोन्ही एकच मानली तर महिन्याची सरासरी चुकते, आणि ती चूक आकड्याकडे पाहून कधीच लक्षात येत नाही. एसक्यूएलमधील सरासरीचे फंक्शन नल असलेल्या ओळी वगळते आणि शून्य असलेल्या मोजते, म्हणून हा फरक टेबल करतानाच पक्का केलेला बरा.

डेटाबेसशी जोडणी

पायथनमध्ये एसक्यूलाइट३ हे मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याच्या कनेक्ट या फंक्शनला फाइलचे नाव द्यावे:

कनेक्शन = एसक्यूलाइट३.कनेक्ट("पर्जन्य.डीबी")

फाइल असेल तर ती उघडली जाते आणि नसेल तर नवी तयार होते. ही सोय नवशिक्यांना हमखास अडचणीत आणते. नुसते फाइलचे नाव दिले, तर ती फाइल प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला त्या फोल्डरमध्ये शोधली जाते, प्रोग्रॅमची फाइल जेथे ठेवली आहे तेथे नव्हे. काल एडिटरमधून चालवलेला प्रोग्रॅम आज टर्मिनलमधून चालवला की दुसऱ्याच फोल्डरमध्ये निमूटपणे एक नवी, रिकामी फाइल तयार होते आणि ‘नो सच टेबल’ अशी एरर येते. टेबल काल तयार केले होते हे पक्के आठवत असताना ही एरर आली, तर आधी फाइलचा पूर्ण मार्ग छापून पाहावा. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते. कायमचा उपाय म्हणजे पाथलिब या मॉड्यूलच्या मदतीने, प्रोग्रॅमच्या फाइलच्या ठिकाणावरून मार्ग ठरवून तोच कनेक्टला देणे.

फाइलच्या नावाऐवजी विसर्ग चिन्हासारख्या दोन कोलनांमध्ये ‘मेमरी’ हा शब्द लिहिला, तर डेटाबेस केवळ मेमरीत तयार होतो आणि कनेक्शन बंद होताच नाहीसा होतो. टेबलची व्याख्या चाचपडून पाहण्याच्या दिवसांत हाच पर्याय वापरावा.

पहिले टेबल

केंद्राच्या टेबलची व्याख्या अशी लिहिता येईल:

क्रिएट टेबल केंद्र (
    आयडी इंटिजर प्रायमरी की,
    नाव टेक्स्ट नॉट नल युनिक चेक (लेंग्थ(ट्रिम(नाव)) > ०),
    उंची_मीटर रिअल
) स्ट्रिक्ट

हा मजकूर पायथनमध्ये तिहेरी अवतरणचिन्हांत स्ट्रिंग म्हणून ठेवावा, म्हणजे तो अनेक ओळींत लिहिता येतो, आणि ती स्ट्रिंग कनेक्शनच्या एक्झिक्यूट या मेथडला द्यावी. पुष्कळ ठिकाणी आधी कर्सर (आदेश चालवून उत्तरे वाचणारा ऑब्जेक्ट) तयार करून त्याच्यावर एक्झिक्यूट चालवलेले दिसेल. एसक्यूलाइटच्या मॉड्यूलमध्ये कनेक्शनवर थेट चालवले तरी आतून तेच घडते.

प्रायमरी की म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम. ‘आयडी इंटिजर प्रायमरी की’ एवढे लिहिले की प्रत्येक नव्या ओळीला एसक्यूलाइट स्वतः क्रमांक देतो. येथे ‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा शब्द जोडण्याची सवय इतर डेटाबेसमधून आलेली आहे. एसक्यूलाइटमध्ये त्याचा अर्थ इतकाच, की पुसून टाकलेल्या ओळीचा क्रमांक पुन्हा कधीही वापरला जाऊ नये. ती गरज नसेल तर तो लिहू नये. शब्द मात्र ‘इंटिजर’ असाच पूर्ण लिहावा, कारण ‘इंट प्रायमरी की’ असे आखूड लिहिले तर आपोआप क्रमांक मिळण्याची सोय जाते.

नावापुढील ‘नॉट नल’ ही अट किंमत असलीच पाहिजे एवढेच सांगते. रिकामी स्ट्रिंग ही एसक्यूलाइटच्या दृष्टीने किंमतच आहे, त्यामुळे ती या अटीतून सहज पार होते. म्हणून शेवटी चेक जोडला आहे: दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा काढल्यावर काहीतरी उरले पाहिजे.

‘स्ट्रिक्ट’ हा शेवटचा शब्द लहान असला तरी त्याच्याविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मुळात एसक्यूलाइट कॉलमच्या प्रकाराकडे सूचना म्हणून पाहतो, बंधन म्हणून नाही. इंटिजर लिहिलेल्या कॉलममध्ये त्याला आकड्यात बदलता येणार नाही असा मजकूर घातला, तर तो मजकूर म्हणून मुकाट्याने साठवला जातो. ‘व्हारकॅर २०’ (जास्तीत जास्त वीस अक्षरे) असे लिहिले तरी दोनशे अक्षरे मावतात. ३.३७ या २०२१ सालच्या आवृत्तीपासून टेबलच्या व्याख्येनंतर स्ट्रिक्ट लिहिता येते आणि मग प्रकार सक्तीने पाळले जातात. स्ट्रिक्ट टेबलात इंट, इंटिजर (दोन्ही पूर्णांक), रिअल (दशांश), टेक्स्ट (मजकूर), ब्लॉब (कच्चे बाइट) आणि एनी (काहीही) एवढेच प्रकार चालतात. आपल्या पायथनबरोबर कोणती आवृत्ती आली आहे, हे एसक्यूलाइट३ मॉड्यूलच्या ‘एसक्यूलाइट_व्हर्जन’ या किमतीवरून कळते. आवृत्ती जुनी असेल तर हा शब्द वाक्यरचनेची एरर देतो. अशा वेळी शब्द गाळण्यापेक्षा पायथन अद्ययावत करणे अधिक हिताचे आहे.

नावांविषयी थोडेसे. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा दुसरा एक डेटाबेस) या दोन्हींत टेबलची आणि कॉलमची नावे खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. तरीही व्यवहारात साधी रोमन लिपीतील, लहान अक्षरांतील, जागेऐवजी अधोरेषा असलेली नावे ठेवावीत असेच सुचवावेसे वाटते. कीबोर्ड सतत बदलावा लागतो, आणि पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये ३ बाइट लागत असल्यामुळे, काना-मात्रा धरून, २१ चिन्हांतच नाव संपवावे लागते. शिवाय ‘ऑर्डर’, ‘ग्रुप’, ‘इंडेक्स’, ‘टेबल’ असे एसक्यूएलचे राखीव शब्द नाव म्हणून घेऊ नयेत.

दुसरे टेबल आणि अटींचे बारकावे

क्रिएट टेबल नोंद (
    आयडी इंटिजर प्रायमरी की,
    केंद्र_आयडी इंटिजर नॉट नल रेफरन्सेस केंद्र(आयडी),
    दिनांक टेक्स्ट नॉट नल चेक (दिनांक इज डेट(दिनांक)),
    पाऊस_मिमी रिअल चेक (पाऊस_मिमी >= ०),
    युनिक (केंद्र_आयडी, दिनांक)
) स्ट्रिक्ट

पावसाच्या कॉलमला ‘नॉट नल’ मुद्दाम लावलेले नाही, कारण मोजमाप न झालेला दिवस नोंदवता आला पाहिजे. चेकमधील अट नलच्या आड येत नाही: अटीचे उत्तर स्पष्टपणे ‘खोटे’ आले तरच ओळ नाकारली जाते, आणि नलची कशाशीही तुलना केली तर उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते, ते नलच असते.

येथे स्ट्रिक्ट नसते तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. कोणी पावसाच्या जागी ‘कोरडा’ हा शब्द भरला असता, तर एसक्यूलाइटने तो मजकूर म्हणून स्वीकारला असता, आणि ऋण आकडे अडवण्यासाठी लिहिलेला चेकही त्याला आडवा आला नसता; कारण एसक्यूलाइटच्या तुलनेच्या नियमात कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठाच ठरतो, म्हणजे ‘कोरडा’ शून्यापेक्षा मोठा. स्ट्रिक्टमुळे मजकूर तुलनेपर्यंत पोचतच नाही.

दिनांकाचा चेक लिहिताना बरोबरीच्या चिन्हाऐवजी ‘इज’ वापरले आहे, आणि ते सहज म्हणून नव्हे. एसक्यूलाइटमध्ये दिनांकाचा स्वतंत्र प्रकार नाही. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, महिना आणि दिवस दोन अंकी ठेवून, तो मजकूर म्हणून लिहिण्याचा संकेत आहे. असा मजकूर अकारविल्हे लावला तरी कालक्रम बरोबर लागतो, हा त्याचा मोठा लाभ. ‘डेट’ हे फंक्शन योग्य दिनांक तसाच परत देते आणि न कळणाऱ्या मजकुरासाठी नल देते. आता ‘काल’ हा शब्द भरला, आणि चेकमध्ये बरोबरीचे चिन्ह असेल, तर ‘काल’ची नलशी तुलना होऊन उत्तर नल येते आणि वर सांगितल्याप्रमाणे ओळ स्वीकारली जाते. ‘इज’ मात्र नलशी केलेल्या तुलनेचेही खरे किंवा खोटे असे निश्चित उत्तर देते, म्हणून ‘काल’ नाकारला जातो. महिना एक अंकी लिहिलेला दिनांक किंवा देवनागरी अंकांत लिहिलेला दिनांकही याच चाळणीत अडकतो.

शेवटची युनिक अट सांगते की एका केंद्राची एका दिवसाची नोंद एकच असेल. तीच फाइल चुकून दोनदा वाचली गेली तरी पाऊस दुप्पट होत नाही. युनिकसाठी एसक्यूलाइट आपोआप इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) तयार करतो, त्यामुळे एखाद्या केंद्राच्या विशिष्ट काळातील नोंदी शोधण्यासाठी वेगळा इंडेक्स करण्याची गरज उरत नाही. अशा अटीतील कॉलम नॉट नल असावेत, कारण युनिकच्या हिशेबात एक नल दुसऱ्या नलसारखा धरला जात नाही आणि नल असलेल्या ओळी कितीही वेळा शिरू शकतात.

पाऊस हे मोजमाप आहे, म्हणून रिअल हा दशांशाचा प्रकार येथे चालतो. रकमेसाठी तो वापरू नये. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनमध्ये करून पाहिली तर ०.३०००००००००००००००४ दिसते, पैशाच्या हिशेबात ही शेपटी कोणालाच नको असते. एसक्यूलाइटमध्ये रक्कम सर्वांत लहान नाण्याच्या एककात, इंटिजर म्हणून साठवावी. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये न्यूमरिक हा नेमका प्रकार मिळतो.

संदर्भाची अट जागी करणे

‘रेफरन्सेस केंद्र(आयडी)’ असे लिहिल्यावर अस्तित्वात नसलेल्या केंद्राची नोंद नाकारली जाईल, असे कोणालाही वाटेल. पण जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगती राखण्यासाठी एसक्यूलाइट ही अट (तिला फॉरेन की म्हणतात) मूलतः बंद ठेवतो. ती चालू करण्यासाठी जोडणी झाल्याबरोबर पुढील प्रॅग्मा, म्हणजे एसक्यूलाइटचा स्वतःचा खास आदेश, द्यावा लागतो:

कनेक्शन.एक्झिक्यूट("प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन")

हा आदेश फाइलमध्ये साठवला जात नाही. तो त्या कनेक्शनपुरता असतो, म्हणून प्रत्येक नव्या जोडणीनंतर पुन्हा द्यावा लागतो. ट्रान्झॅक्शन (बदलांचा एकत्रित गट, त्याविषयी पुढच्या भागात) सुरू असताना दिला तर त्याचा काहीही परिणाम होत नाही आणि एररही येत नाही. यासाठी कनेक्शन उघडणारे एकच छोटे फंक्शन लिहावे, त्यात हा आदेश ठेवावा, आणि उरलेल्या प्रोग्रॅममध्ये थेट कनेक्ट कोठेही वापरू नये.

टेबले तयार करण्याचा क्रमही लक्षात ठेवावा. ज्याचा संदर्भ दिला जातो ते टेबल आधी, संदर्भ देणारे नंतर. एसक्यूलाइट उलटा क्रम खपवून घेतो, पण पोस्टग्रेस घेत नाही.

आदेश पक्का कधी होतो

ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट. कमिट केल्यावर तो गट पक्का होतो आणि रोलबॅक केल्यावर रद्द होतो. पायथनचे एसक्यूलाइट मॉड्यूल इन्सर्ट, अपडेट, डिलीट आणि रिप्लेस यांच्याआधी स्वतःहून ट्रान्झॅक्शन उघडते, मात्र क्रिएट टेबलच्या आधी ते तसे करत नाही. त्यामुळे आधी कोणतेही ट्रान्झॅक्शन उघडे नसेल तर प्रत्येक टेबल लगेच पक्के होते. आणि दुसऱ्या टेबलच्या व्याख्येत चूक निघाली, तर पहिले तयार झालेले आणि दुसरे नसलेले, असा अर्धवट डेटाबेस हाती राहतो.

एसक्यूलाइटमध्ये टेबल तयार करणेही ट्रान्झॅक्शनमध्ये बसते, म्हणून हे टाळता येते:

विथ कनेक्शन:
    कनेक्शन.एक्झिक्यूट("बिगिन")
    कनेक्शन.एक्झिक्यूट(केंद्र_व्याख्या)
    कनेक्शन.एक्झिक्यूट(नोंद_व्याख्या)

‘विथ’चा गट सुरळीत संपला तर कमिट होते, मध्ये एरर आली तर रोलबॅक होते. पण ‘विथ’ स्वतः ट्रान्झॅक्शन सुरू करत नाही, म्हणून ‘बिगिन’ लिहावे लागते. आणि ते कनेक्शन बंदही करत नाही, म्हणून काम संपल्यावर ‘क्लोज’ वेगळे लिहावे लागते. फाइल उघडताना वापरल्या जाणाऱ्या ‘विथ’शी याचे साम्य पाहून फसगत होते. एक्झिक्यूटला एका वेळी एकच एसक्यूएल वाक्य चालते. अनेक वाक्ये एकदम चालवणारी ‘एक्झिक्यूटस्क्रिप्ट’ ही मेथड आहे, मात्र ती उघडे असलेले ट्रान्झॅक्शन आधी कमिट करून टाकते, हे ध्यानात ठेवून वापरावी.

मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्ये क्रिएट टेबल चालताच चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होते, त्यामुळे तेथे वरचा उपाय लागू पडत नाही. पोस्टग्रेसमध्ये टेबल तयार करणे ट्रान्झॅक्शनमध्ये बसते. आणि पायथनमधून काम करताना शेवटी कमिट करायचे राहिले तर कोणतीही एरर न येता टेबल नाहीसे झालेले दिसते.

तयार झालेले टेबल तपासणे

एरर आली नाही म्हणजे सर्व ठीक, असे मानू नये. ‘एसक्यूलाइट_मास्टर’ या अंतर्गत टेबलातून ‘एसक्यूएल’ हा कॉलम निवडला तर प्रत्येक टेबलची व्याख्या जशी लिहिली तशीच परत मिळते. ‘प्रॅग्मा टेबल_इन्फो(नोंद)’ हा आदेश कॉलमची नावे, प्रकार आणि नॉट नलची अट ओळीओळीने दाखवतो.

मात्र खरी तपासणी वेगळी आहे. मेमरीतील डेटाबेसमध्ये दोन्ही टेबले तयार करावीत आणि नाकारल्या गेल्याच पाहिजेत अशा नोंदी मुद्दाम भरून पाहाव्यात: ऋण पाऊस, ‘काल’ हा दिनांक, अस्तित्वात नसलेले केंद्र, त्याच दिवसाची दुसरी नोंद, मोकळ्या जागांचे नाव. प्रत्येक वेळी ‘इंटेग्रिटीएरर’ आली पाहिजे. एखादी नोंद शिरली, तर अट लिहिलेली असूनही ती काम करत नाही, हे खऱ्या माहितीच्या आधी कळते. अस्तित्वात नसलेल्या केंद्राची नोंद शिरल्यास प्रॅग्मा राहिला आहे, असे जवळजवळ नक्की समजावे.

‘ऑपरेशनलएरर’ येते तेव्हा तिचा मजकूर वाचावा. ‘निअर’ या शब्दानंतर बंद कंस आणि ‘सिंटॅक्स एरर’ दिसली, तर बहुधा शेवटच्या कॉलमनंतर स्वल्पविराम राहिलेला असतो. पायथनच्या यादीत तो चालतो, एसक्यूएलमध्ये चालत नाही. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ याचा अर्थ दुसऱ्या कनेक्शनने लिहिण्याचे काम अपुरे ठेवले आहे. तीच फाइल डेटाबेस पाहण्याच्या एखाद्या साधनात उघडी आहे का, ते आधी पाहावे.

किंमती आणि नावे: दोन वेगळ्या वाटा

नोंदी भरताना किंमती एसक्यूएलच्या स्ट्रिंगमध्ये जोडून लिहू नयेत. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवावीत आणि किंमती टपलमध्ये वेगळ्या द्याव्यात:

कनेक्शन.एक्झिक्यूट("इन्सर्ट इन्टू नोंद (केंद्र_आयडी, दिनांक, पाऊस_मिमी) व्हॅल्यूज (?, ?, ?)", (केंद्र, दिनांक, पाऊस))

असे केल्याने मजकुरातील अवतरणचिन्हामुळे वाक्य मोडत नाही आणि एसक्यूएल इंजेक्शनचा (किमतीच्या जागी घातक आदेश घुसवण्याचा) मार्ग बंद होतो. पायथनमधील ‘नन’ आपोआप नल होतो.

प्रश्नचिन्ह फक्त किमतीच्या जागी चालते. टेबलच्या किंवा कॉलमच्या नावाच्या जागी ते चालत नाही. वापरणाऱ्याने दिलेल्या नावाने टेबल तयार करण्याची वेळ आली, तर आधी ती वेळ का आली याचा विचार करावा. प्रत्येक केंद्राला किंवा प्रत्येक वर्षाला वेगळे टेबल हवेसे वाटणे, हे बहुधा एक कॉलम राहून गेल्याचे लक्षण असते. तरीही गरज उरलीच, तर नाव आपण ठरवलेल्या यादीत आहे का हे तपासून मगच ते स्ट्रिंगमध्ये घालावे.

रचना बदलते तेव्हा

प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला की ‘टेबल ऑलरेडी एक्झिस्ट्स’ अशी एरर येते. तिच्यावर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’. तो योग्य आहे, पण त्याची मर्यादा क्वचितच सांगितली जाते: डेटाबेस फक्त त्या नावाचे टेबल आहे का, एवढेच पाहतो. व्याख्येत आज नवा कॉलम जोडला आणि जुन्या फाइलवर प्रोग्रॅम चालवला, तर आदेश यशस्वी होतो, टेबल मात्र जुनेच राहते, आणि एरर कितीतरी पुढे, नव्या कॉलममध्ये लिहिण्याच्या वेळी येते. सुरुवातीलाच ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स’ लिहिण्याचा दुसरा उपाय शिकतानाच्या फाइलपुरता ठीक आहे. खऱ्या नोंदी असलेल्या फाइलला जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ असूच नये.

नीट रीत अशी की रचनेला क्रमांक द्यावा. एसक्यूलाइटच्या प्रत्येक फाइलमध्ये ‘युजर_व्हर्जन’ नावाचा एक पूर्णांक आपल्या वापरासाठी राखलेला असतो आणि नव्या फाइलमध्ये तो शून्य असतो. प्रोग्रॅममध्ये बदलांची क्रमवार यादी ठेवावी: पहिल्या बदलात दोन्ही टेबले तयार होतात, दुसऱ्यात एक कॉलम वाढतो, आणि असेच पुढे. सुरू होताना प्रोग्रॅम ‘प्रॅग्मा युजर_व्हर्जन’ वाचतो, त्यापुढचे बदल एकेक करून चालवतो, आणि प्रत्येक बदलाबरोबर, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, तो आकडा वाढवतो. नवी फाइल शून्यापासून सर्व पायऱ्या चढते, जुनी फाइल जेथे होती तेथून पुढे जाते, आणि दोघींची रचना शेवटी एकच होते. एकदा वापरात गेलेला बदल नंतर दुरुस्त करू नये. दुरुस्ती हा पुढचा बदल म्हणून यादीच्या शेवटी लिहावा. या प्रॅग्मामध्ये प्रश्नचिन्ह चालत नाही, तेव्हा आकडा स्ट्रिंगमध्येच लिहावा लागतो; तो आपल्याच यादीतून येत असल्यामुळे त्यात धोका नाही.

कॉलम वाढवण्यासाठी ‘ऑल्टर टेबल’ आहे:

ऑल्टर टेबल नोंद ॲड कॉलम तपासली इंटिजर नॉट नल डिफॉल्ट ० चेक (तपासली इन (०, १))

नॉट नल असलेला कॉलम वाढवताना डिफॉल्ट देणे सक्तीचे आहे, नाहीतर आधीच्या ओळींत काय भरायचे हा प्रश्न उरतो. कॉलमचे नाव बदलणे २०१८ सालच्या ३.२५ या आवृत्तीपासून आणि कॉलम काढून टाकणे २०२१ सालच्या ३.३५ पासून शक्य झाले. पण असलेल्या कॉलमवरचा चेक किंवा प्रकार बदलण्यासाठी सर्वसाधारण मार्ग लांबचाच आहे: योग्य व्याख्येचे नवे टेबल वेगळ्या नावाने तयार करावे, जुन्यातील ओळी त्यात घालाव्यात, जुने टेबल काढावे आणि नव्याला जुने नाव द्यावे. क्रम हाच ठेवावा. आधी जुन्याचे नाव बदलले तर इतर टेबलांतील संदर्भही त्या बदललेल्या नावाकडे वळू शकतात. या कामापूर्वी, ट्रान्झॅक्शन सुरू करण्याच्या आधी, फॉरेन_कीज ऑफ करावे, काम झाल्यावर ‘प्रॅग्मा फॉरेन_की_चेक’ चालवून तुटलेला संदर्भ नाही याची खात्री करावी, मग कमिट करावे आणि अट पुन्हा चालू करावी. आणि हे सर्व करण्याआधी फाइलची प्रत काढावी. कनेक्शनची ‘बॅकअप’ ही मेथड डेटाबेस वापरात असतानाही सुसंगत प्रत काढून देते.

दुसऱ्या डेटाबेसकडे वळताना

पायथनमधील डेटाबेस मॉड्यूलांसाठी पेप २४९ हा समान संकेत आहे. कनेक्ट, कर्सर, एक्झिक्यूट, कमिट ही नावे म्हणूनच सर्वत्र भेटतात. एसक्यूएलचे तपशील मात्र बदलतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या प्रचलित मॉड्यूलांत प्रश्नचिन्हाऐवजी टक्क्याचे चिन्ह आणि ‘एस’ हे अक्षर लिहितात. पोस्टग्रेसमध्ये दिनांकाला डेट हा खरा प्रकार आहे, त्यामुळे आपला दिनांकाचा चेक तेथे लागत नाही, आणि आपोआप क्रमांकासाठी ‘जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी’ लिहावे लागते. मायएसक्यूएलमध्ये अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवावा. तेथील जुना ‘यूटीएफ८’ एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो, ज्यात देवनागरी मावते पण इमोजी मावत नाहीत.

एसक्यूएलअल्केमी किंवा जँगो यांसारखी साधने पायथनच्या क्लासवरून टेबल तयार करून देतात. एसक्यूएलअल्केमीमधील ‘क्रिएट_ऑल’ हे फंक्शन टेबल अस्तित्वात असेल तर त्याला हात लावत नाही, म्हणजे ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ची मर्यादा तेथेही तशीच राहते. जँगोमध्ये मायग्रेशनची (रचना टप्प्याटप्प्याने बदलण्याची) सोय अंगभूत आहे, आणि तिचे तत्त्व वर सांगितलेल्या क्रमवार यादीचेच आहे. ही साधने वापरतानाही, त्यांनी प्रत्यक्ष कोणते एसक्यूएल पाठवले ते सुरुवातीला काही दिवस लॉगमध्ये छापून पाहावे आणि आपण कागदावर ठरवलेल्या अटी त्यात खरोखर उतरल्या आहेत का, हे एकेका कॉलमला बोट लावून ताडून घ्यावे.